चौथा गडी

अमेरिकेत नोकरी करणारा माझा भाचा गेल्या वर्षी सुट्टीवर घरी आला होता. बोलता बोलता म्हणाला, "मामा, मी तिकडं गोल्फ खेळायला लागलोय." घरातले सगळे हसले. त्याचा आजा गिरणीत बदली कामगार होता. नातू गोल्फ खेळतो म्हटल्यावर हसू येणारच. मीही हसलो. पण त्याने पुढे जे सांगितले ते ऐकून हसू मावळले, आणि आज हा लेख लिहायला बसलो तो त्यामुळेच.

तो ज्या मैदानावर जातो ते कुणा श्रीमंत क्लबचे नाही, नगरपालिकेचे आहे. पैसे भरले की कोणीही खेळू शकतो. तिथली पद्धत अशी. मैदानावर अठरा होल असतात. चार-चार जणांची तुकडी करून दर आठ-दहा मिनिटांनी एकेका तुकडीला सोडतात. या ठरलेल्या वेळेला टी टाइम म्हणतात. आता एखादा माणूस एकटाच आला तर त्याच्यासाठी वेगळी वेळ नसते. दारावर एक स्टार्टर बसलेला असतो. ज्या तुकडीत तीनच जण आहेत तिथे तो चौथा म्हणून याला घालतो. तिघांनी "हा आम्हाला नको" म्हणायचे नाही, आणि चौथ्याने "मला यांच्यात नको" म्हणायचे नाही. हात मिळवायचा, नाव सांगायचे, खेळायला लागायचे. मग चार तास हे चौघे बरोबर चालतात. एकाचा चेंडू झुडपात गेला तर बाकीचे तिघे शोधायला जातात. स्पर्धा असेल तर आपल्या फटक्यांची नोंद आपण करायची नाही, ती बरोबरच्या गड्याने करायची. म्हणजे ज्याला सकाळपर्यंत ओळखत नव्हतो तोच आपला साक्षीदार. शेवटच्या होलवर टोप्या काढून पुन्हा हात मिळवायचा आणि आपापल्या वाटेने जायचे.

भाचा सांगत होता, "मामा, वर्षभरात मी निवृत्त पोस्टमनबरोबर खेळलो, प्लंबरबरोबर खेळलो, एका काळ्या शिक्षकाबरोबर खेळलो, सत्तरीच्या कोरियन आजीबरोबर खेळलो. एकानंही आडनाव विचारलं नाही." मग जरा थांबून म्हणाला, "एकानं विचारलं."

एका रविवारी चौथा गडी म्हणून आपल्याकडचाच एक गृहस्थ आला. मराठी बोलणारा. भाच्याला आनंद झाला. पहिल्या होलवर नाव झाले. दुसऱ्यावर "पूर्ण नाव काय?" झाले. तिसऱ्यावर "गाव कुठलं? गावात घर कुठल्या बाजूला?" झाले. भाचा म्हणाला, "मला कळलं हा काय शोधतोय. मी सरळ सांगितलं, आम्ही जय भीमवाले." त्यानंतरचे पंधरा होल तो गृहस्थ त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. भाच्याचा चेंडू गवतात हरवला तेव्हा दोन गोरे शोधायला आले. आपला देशबांधव लांब उभा राहून मोबाइल बघत होता.

ही गोष्ट ऐकून "बघा, गोरे किती चांगले आणि आपले किती वाईट" असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते खरे नाही. त्या मैदानावर आज अनोळखी माणूस चौथा गडी म्हणून चालतो, तो कुणाच्या चांगुलपणामुळे नव्हे. त्यासाठी लोकांनी मार खाल्ला आहे, तुरुंगाच्या शिक्षा ऐकल्या आहेत. तो इतिहास आंबेडकरी माणसाने वाचला पाहिजे, कारण तो आपल्याच इतिहासाचा सख्खा भाऊ आहे.

१८९६ साली लाँग आयलंडवर शिनेकॉक हिल्स येथे अमेरिकन ओपन स्पर्धा भरली. त्या मैदानाच्या बांधणीत शिनेकॉक आदिवासींनी मजुरी केली होती. तिथेच खेळ शिकलेला जॉन शिपेन हा काळा तरुण आणि ऑस्कर बन हा शिनेकॉक तरुण, या दोघांनी स्पर्धेत नाव दिले. त्याबरोबर गोरे खेळाडू अडून बसले, हे दोघे असतील तर आम्ही खेळणार नाही. तेव्हाचे संघटनेचे अध्यक्ष थिओडोर हेवमायर यांनी उत्तर दिले की स्पर्धा होईल, मग ती या दोघांचीच झाली तरी चालेल. अडून बसलेले मुकाट्याने खेळले. एका अध्यक्षाने ताठ कणा ठेवला तर बहिष्काराची धमकी किती पोकळ असते, हे त्या दिवशी दिसले.

पण एका माणसाच्या कण्यावर व्यवस्था चालत नाही. १९३४ साली अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेने, म्हणजे पीजीएने, आपल्या घटनेतच लिहून टाकले की सभासद गोऱ्या वंशाचाच असला पाहिजे. मनुस्मृतीला पाने लागली, यांना एक ओळ पुरली. १९४८ साली बिल स्पिलर, टेड ऱ्होड्स आणि मॅडिसन गंटर या तिघा काळ्या खेळाडूंनी कॅलिफोर्नियात दावा लावला. संघटनेने न्यायालयाबाहेर तडजोड केली, यापुढे भेदभाव करणार नाही असा शब्द दिला. आणि मग काय केले? स्पर्धांचे "खुल्या" हे नाव काढून त्या "निमंत्रितांच्या" करून टाकल्या. निमंत्रण अर्थात गोऱ्यांनाच. ती ओळ घटनेतून निघायला १९६१ चा नोव्हेंबर उजाडला. चार्ली सिफर्ड या काळ्या खेळाडूला ऐन उमेदीची वर्षे दाराबाहेर काढावी लागली. त्याला आत घेतले तेव्हा तो चाळिशीला टेकला होता. त्यानंतरही प्रेक्षकांतून शिव्या आणि धमक्या झेलतच तो खेळला.

यापेक्षाही आपल्या काळजाला भिडणारी गोष्ट ग्रीन्सबरोची आहे. नॉर्थ कॅरोलिना राज्यातले हे शहर. तिथे गिलेस्पी पार्क नावाचे नगरपालिकेचे गोल्फ मैदान होते. काळ्यांच्या करातूनही ते चालत होते, पण त्यांना तिथे प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी वेगळे मैदान दिले होते, ते सांडपाणी प्रकल्पाच्या शेजारी. गावकुसाबाहेरची जागा कुठे असते हे अमेरिकेतही ठरलेलेच होते. काळे लोक हक्क मागतील म्हणून नगरपालिकेने एक युक्ती केली. मैदान एका खासगी मंडळाला नाममात्र एका डॉलरच्या भाड्याने देऊन टाकले. आता विचारायला गेले की उत्तर तयार, "हे सार्वजनिक नाही, खासगी आहे. सभासदांपुरते आहे."

१ डिसेंबर १९५५ रोजी मांटगोमेरीत रोझा पार्क्स बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत. त्यानंतर सहाच दिवसांनी, ७ डिसेंबरला, डॉ. जॉर्ज सिमकिन्स हे दंतवैद्य आणि त्यांचे पाच सहकारी गिलेस्पी पार्कवर गेले. काउंटरवर प्रत्येकी ७५ सेंट शुल्क ठेवले आणि खेळायला लागले. तिथला व्यवस्थापक शिव्या देत मागे मागे फिरला. त्यांच्यावर बेकायदा प्रवेशाचा खटला झाला आणि तीस दिवसांची कैद सुनावली गेली. पुढे १९५७ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने सांगितले की भाड्याने दिले म्हणून सार्वजनिक मैदान खासगी होत नाही, भेदभाव बंद करा. निकाल अमलात येण्याच्या सुमारास मैदानावरचे क्लबहाऊस जळून खाक झाले. नगरपालिकेने मैदानच बंद करून टाकले. काळ्यांबरोबर खेळण्यापेक्षा कोणीच खेळू नये, हे त्यांना पत्करले. फौजदारी खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६० मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी तांत्रिक मुद्द्यावर हे सहा जण हरले. राज्यपालांनी शिक्षा कमी केली म्हणून कैद टळली. मैदान पुन्हा उघडले ते १९६२ च्या डिसेंबरात, आणि तेव्हा डॉ. सिमकिन्स तिथे चेंडू मारायला उभे राहिले.

वाचकहो, हे वाचताना महाड आठवले नाही असा आंबेडकरी माणूस असेल का? ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर लोकांना मार पडला. तळे एकशे आठ घागरी पंचगव्याने "शुद्ध" करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. आणि डिसेंबरमध्ये सनातन्यांनी न्यायालयात दावा लावला तो कशासाठी? तर हे तळे सार्वजनिक नाही, खासगी आहे, ते "चौधरी तळे" आहे! मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी तो दावा फेटाळला. एका घोट पाण्यासाठी दहा वर्षे कोर्टकचेरी चालली.

ग्रीन्सबरो आणि महाड यांच्यामध्ये एक महासागर आहे. पण विषमतेची कावेबाजी तंतोतंत तीच. सार्वजनिक म्हणून बांधायचे, सर्वांच्या पैशावर चालवायचे, आणि हक्कदार दारात आला की ते "खासगी" करून टाकायचे. आजही आपल्या डोळ्यांसमोर हे चालले आहे. सरकारी शाळा, सरकारी दवाखाना, सरकारी कंपनी, यांना "खासगी" हा शब्द लावला की आरक्षण संपले, प्रश्न विचारायचा अधिकार संपला. म्हणून "खासगी" या शब्दामागे काय लपवले आहे ते तपासायची सवय आपण सोडता कामा नये. डॉ. सिमकिन्स यांनी ती सोडली नाही. सरकारी पैसा घेऊन काळ्या रुग्णांना आणि काळ्या डॉक्टरांना दूर ठेवणाऱ्या खासगी रुग्णालयाविरुद्ध त्यांनी लढा दिला आणि १९६३ मध्ये तोही जिंकला. गोल्फच्या मैदानावर सुरू झालेली वाट रुग्णालयाच्या दारापर्यंत गेली.

कोणी म्हणेल, आमच्या वस्तीत नळाला पाणी येत नाही, पोरांना शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, आणि तुम्ही गोल्फ घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. मी कोणाला गोल्फ खेळा असे सांगत नाही. मी त्या स्टार्टरकडे बघा असे सांगतो आहे.

हक्काच्या दोन पायऱ्या असतात. पहिली पायरी दारातून आत जाण्याची. चवदार तळे, काळाराम मंदिर, गिलेस्पी पार्क ही त्या पायरीची लढाई. ती कायद्याने जिंकता येते. दुसरी पायरी आत गेल्यावरची. आत गेल्यावर आपल्या शेजारी कोण बसतो, आपल्याबरोबर कोण चालतो, आपला हरवलेला चेंडू कोण शोधतो? ही पायरी कायद्याने एकदम चढता येत नाही. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. पण कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत डबे उघडतात तेव्हा कोण कुणाच्या टेबलावर बसतो, हे अनुच्छेद १७ ठरवत नाही. ते आडनाव ठरवते.

बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्युई यांच्याकडून जो विचार घेतला आणि "अॅनिहिलेशन ऑफ कास्ट"मध्ये आपल्या अनुभवाच्या आगीतून काढून मांडला, त्याचा गाभा हाच आहे. लोकशाही म्हणजे नुसती राज्य चालवायची रीत नव्हे. ती एकत्र जगण्याची रीत आहे. समाजाच्या वेगवेगळ्या थरांत सतत देवघेव, येणे-जाणे, अभिसरण असले पाहिजे. जातीने नेमके तेच बंद केले आहे. प्रत्येक जात आपल्या डबक्यात. डबक्यातले पाणी दुसऱ्या डबक्यात जात नाही, म्हणून दोन्हीकडचे नासते.

हे बाबासाहेबांनी नुसते वाचले नव्हते, भोगले होते. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. तिथे वसतिगृहात त्यांच्याबरोबर नवल भथेना हा पारशी तरुण होता. दोघांची ओळख तिथलीच. ती मैत्री आयुष्यभर टिकली, अडचणीच्या काळात भथेनांनी बाबासाहेबांना मदत केली. १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून उतरले. काही दिवसांनी काठ्या घेऊन डझनभर पारशी आले आणि त्यांना बाहेर काढले. एकाच समाजातली माणसे. एकाने जन्मभर मैत्री केली, दुसरे काठ्या घेऊन आले. फरक कशाचा? न्यूयॉर्कच्या वसतिगृहात दोघांना बरोबर राहायला लावणारी व्यवस्था होती आणि तिथे जात कोणी विचारत नव्हते. बडोद्यात मात्र आधी जात विचारली गेली, माणूस त्यानंतर.

म्हणून मला त्या स्टार्टरचे महत्त्व वाटते. तो माणूस थोर आहे असे नाही. त्याला फक्त तुकडी भरायची आहे. पण त्याच्या हातात एक नियम आहे: आलेल्या क्रमाने जोडा, आडनाव बघू नका. या नियमाने वर्षानुवर्षे पोस्टमन आणि प्रोफेसर, काळा आणि गोरा बरोबर चालत राहतात. त्यातून लगेच समता येते असे नाही. २०१८ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका क्लबात पाच काळ्या स्त्रिया "सावकाश खेळतात" म्हणून पोलिसांना फोन गेला होता. १९९० मध्ये अलाबामातल्या शोल क्रीक क्लबच्या संस्थापकाने काळ्यांना सभासद करण्यासाठी आमच्यावर दबाव चालणार नाही असे सांगितले होते. जाहिरातदारांनी पाठ फिरवायला सुरुवात केली तेव्हा कुठे एका काळ्या व्यावसायिकाला आत घेतले गेले. ऑगस्टा नॅशनल या सर्वांत मानाच्या क्लबला पहिला काळा सभासद करायला १९९० आणि पहिल्या दोन स्त्रिया घ्यायला २०१२ उजाडले. खासगी क्लबाच्या दारात स्टार्टरचा नियम नसतो, तिथे ओळख चालते. जिथे ओळख चालते तिथे जात चालते, वंश चालतो. आणि जिथे नियम चालतो तिथे निदान सुरुवात होते.

आता आपल्याकडे या. १९१७ साली मुंबईत विलिंग्डन क्लब निघाला, कारण तेव्हाच्या बड्या युरोपियन क्लबांत भारतीयांना जागा नव्हती. साहेबाने दाराबाहेर ठेवले तेव्हा राजे-महाराजे, शेटजी यांना अपमान कळला. भारतीय आणि युरोपियन बरोबरीने बसतील असा क्लब झाला. चांगले झाले. पण त्यानंतर दहा वर्षांनी महाडला माणसे पाण्यासाठी मार खात होती, तेव्हा आपला तो अपमान आठवून यांतले किती जण पुढे आले? वरच्याने आपल्याला हिणवले की समता आठवते, खालच्याने समता मागितली की परंपरा आठवते. ही आपल्या प्रस्थापितांची जुनी खोड आहे.

गोल्फच्या मैदानावरचा आपला माणूस कोण, तर पिशवी उचलणारा. मैदानाशेजारच्या वस्तीतली पोरे कॅडी म्हणून लागतात, चेंडू शोधून देतात, साहेबांच्या खेळाचे बारकावे त्यांच्याहून जास्त जाणतात. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा अली शेर हा असाच कॅडीच्या कामातून वर आलेला होता. म्हणजे गुणवत्ता पिशवीखाली दबलेली असते, ती पिशवीत नसते. दिल्लीत डीडीएने २००० साली कुतुब येथे सार्वजनिक गोल्फ मैदान सुरू केले. आपल्याकडे सिडकोने २०१२ मध्ये खारघरला केले. सार्वजनिक जमिनीवरच्या अशा प्रत्येक मैदानावर, तरणतलावावर, क्रीडा संकुलावर आलेल्या क्रमाने प्रवेश आणि ओळखीशिवाय जोडणी हा नियम असलाच पाहिजे. तिथे राबणाऱ्या कॅडींना, माळ्यांना, त्यांच्या मुलांना खेळण्याचे तास राखून ठेवलेच पाहिजेत. सरकारी जमीन अल्प भाड्याने घेऊन बसलेल्या क्लबांनाही हा प्रश्न विचारला पाहिजे. एक डॉलरचे भाडे फक्त ग्रीन्सबरोतच असते असे नाही.

आणखी एक गंमत सांगतो. गोल्फमध्ये हँडिकॅप नावाची पद्धत आहे. कच्च्या खेळाडूला त्याच्या आधीच्या खेळानुसार ठरावीक फटके वजा करून मिळतात, म्हणजे कच्चा आणि पक्का बरोबरीने खेळू शकतात. सकाळी ही सवलत हक्काने घेणारे आणि त्याला "खेळाचे सौंदर्य" म्हणणारे कितीतरी साहेब संध्याकाळी आरक्षणाने गुणवत्ता मेली म्हणून गळा काढतात. त्यांना एवढेच विचारावे, की मैदानावर बरोबरीची सोय न्याय्य आणि नोकरीत अन्याय्य, हे कसे? मात्र आपण ही तुलना जपून करावी. आरक्षण ही कच्च्या गड्याला दिलेली सूट नव्हे. ते सत्तेतले आणि ज्ञानातले प्रतिनिधित्व आहे. ज्याला पिढ्यान् पिढ्या मैदानावर पाऊल ठेवू दिले नाही त्याचा खेळ कच्चा म्हणणे हाच मुळात कांगावा आहे.

गोल्फपेक्षाही या नियमाची गरज आपल्या वसतिगृहांना आहे. २००७ मध्ये थोरात समितीने दिल्लीच्या एम्स संस्थेची चौकशी केली. अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी छळ सोसून, खोल्या बदलत, शेवटी वसतिगृहाच्या ठरावीक भागात एकवटलेले आढळले. देशातली सर्वांत हुशार पोरे, आणि त्यांच्या इमारतीत महारवाडा तयार! तिथे स्टार्टर नव्हता. ज्याला ज्याच्याबरोबर राहायचे तो त्याच्याबरोबर, अशी मोकळीक होती. जातीच्या समाजात अशी मोकळीक म्हणजे जातीला दिलेली सूटच. खोल्यांचे वाटप चिठ्ठ्या टाकून करा आणि वर्षभर बदलू देऊ नका, तसेच जो छळ करील त्यालाच वसतिगृहाबाहेर काढा, ही मागणी आपल्या विद्यार्थी संघटनांनी लावून धरली पाहिजे. छळ झालेल्याला खोली बदलून देणे हा न्याय नव्हे, ती त्याची दुसऱ्यांदा केलेली हकालपट्टी आहे.

परदेशातही हा प्रश्न संपलेला नाही. भाच्याला भेटलेला गृहस्थ काही एकटा नाही. सिॲटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला कायद्याने बंदी केली, अमेरिकेत असे करणारे ते पहिले शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तशा अर्थाचे विधेयक मंजूर केले, पण राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये ते नामंजूर केले. जात विमानात बसून गेली, आता तिच्यामागे कायदाही पोचला पाहिजे.

इथवर आपण दुसऱ्यांना बोललो. आता थोडे आरशात. भाच्याची गोष्ट ऐकून झाल्यावर मी त्याला विचारले, "बाळा, उद्या तू इथल्या क्लबात खेळायला गेलास तर तुझी पिशवी कोण उचलील?" तो गप्प बसला. मी म्हटले, "तो आपल्याच वस्तीतला असेल. त्याला तू चौथा गडी म्हणून घेशील का?" बऱ्याच वेळाने म्हणाला, "मामा, खरं सांगू? माहीत नाही." त्याचा खरेपणा मला आवडला. कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

आपण फ्लॅटमध्ये राहायला गेलो की वस्तीतल्या विहारात किती वेळा जातो? जयंतीला एकाच नगरात दोन मिरवणुका आणि दोन मंडप का लागतात? ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे किती तुकडे झाले ते मोजायचे आपण केव्हाच सोडून दिले. एका गटाच्या कार्यकर्त्याच्या शेजारी दुसऱ्या गटाचा कार्यकर्ता व्यासपीठावर बसत नाही. १ ऑगस्टला अण्णा भाऊंच्या जयंतीला मातंग वस्तीत आपल्यापैकी किती जण जातात? चर्मकार, ढोर, भटके-विमुक्त, मुस्लीम यांतला एखादा आपल्या विहाराच्या वाचनालयात आला तर तो आपल्याला चौथा गडी वाटतो, की परका? आपल्याकडेही नवा माणूस आला की "कुठल्या गावचे? कुणाचे?" हे विचारले जातेच. आपुलकीने विचारतो, असे आपण म्हणतो. त्या गृहस्थालाही तसेच वाटत असेल.

म्हणून एक छोटी सूचना करतो. तिला पैसा लागत नाही, ठराव लागत नाही. येत्या १४ एप्रिलला आपल्या नगरात जेवणाच्या पंगती बसतील तेव्हा दारात एक स्टार्टर उभा करा. आलेल्या क्रमाने चौघांना एकत्र बसवा. कोण कुठल्या गटाचा, कुठल्या नगराचा, कुठल्या जातीतून आलेला, हे विचारायचे नाही. अभ्यासिकेत, व्याख्यानमालेत, क्रिकेटच्या सामन्यात, धम्म सहलीच्या बसमध्ये हाच नियम लावा. ओळखीच्या चौघांची टोळी फोडा आणि प्रत्येक ठिकाणी एक जागा अनोळखी माणसासाठी ठेवा. पहिल्या दिवशी अवघडल्यासारखे होईल. दहाव्या दिवशी त्याच्या आईची तब्येत आपण विचारू लागू.

बाबासाहेबांनी बंधुता हा शब्द राज्यघटनेत घालून दिला आहे. भाऊ म्हणजे आधीच ओळखीचा असलेला माणूस नव्हे. ज्याला आपण निवडलेले नाही, पण ज्याच्याबरोबर चालायचे आहे तो भाऊ. आपल्या तिघांत चौथी जागा रिकामी आहे. दारात कोणीतरी उभा आहे. त्याला आडनाव न विचारता आत घ्या.

जय भीम!